हेल्मेटवर चित्र काढायचंय? आधी ते डोक्यावर जाणार की भिंतीवर ते ठरवा

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मुलींच्या आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या बॅच आहेत. ८ मार्चला मुलींकडून सेफ्टी हेल्मेट आणि वेल्डिंग स्क्रीन (वेल्डिंग करताना चेहऱ्यापुढे येणारी ढाल) रंगवून घ्यायच्या, हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं आणि मग तीच हेल्मेट मुलींनी वर्षभर वर्कशॉपमध्ये वापरायची, म्हणजे खर्चही वसूल होईल आणि एरवी कंटाळा करणाऱ्या मुली हौसेने हेल्मेट घालतील. रंग कुठला घ्यायचा, स्प्रे चालेल का, डिझाईन काय द्यायचं, हे तुमचे प्रश्न.

कल्पना झकास आहे, एक भाग सोडून. रंगवलेलं हेल्मेट परत डोक्यावर चढवायचं नाही. मी वेल्डर ट्रेड करून फॅब्रिकेशन शॉपला लागले, तिथेच सुपरवायझर झाले आणि आता बरीच वर्षं सेफ्टी ट्रेनिंग बघते, त्यामुळे ८ मार्चचे असे कार्यक्रम दोन्ही बाजूंनी बघितलेत, रंगवणारीच्या आणि नंतर ते हेल्मेट हातात घेऊन "हे आता बाद" असं सांगावं लागणाऱ्या बाईच्याही. कौतुकाचं एक आणि कामाचं एक असं सरळ वेगळं ठेवा. का ते सांगते, कारण "सेफ्टीवाले नुसते अडवतात" असं तुमच्या प्रिन्सिपल सरांना वाटायला नको.

हेल्मेट उलटं करा आणि पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला बघा. तिथे प्लास्टिकमध्येच उठवलेलं एक छोटं घड्याळासारखं गोल असतं, १ ते १२ आकडे, मधोमध वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे तो महिना, म्हणजे हेल्मेट कधी बनलं ते. आसपासच प्लास्टिक कुठलं तेही लिहिलेलं असतं, एचडीपीई, एबीएस, पॉलिकार्बोनेट असं काहीतरी, आणि आयएसआय मार्कसोबत आयएस २९२५ हा नंबर. (आयएस ४१५१ दिसला तर ते टू-व्हीलरचं हेल्मेट आहे, वर्कशॉपचं नाही. आणि यातलं काहीच दिसलं नाही तर ते रस्त्याकडेला मिळणारं पिवळं टोपलं आहे, ते खुशाल रंगवा, तसंही ते कामाचं नव्हतंच.)

आता रंगाने नेमकं काय होतं? एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या दोघांचं सॉल्व्हंटशी वैर आहे. स्प्रेच्या डब्यात, ऑइलपेंटच्या थिनरमध्ये, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये जे असतं, ॲसिटोन, टोल्युइन, झायलीन वगैरे, ते प्लास्टिकच्या वरच्या थरात शिरतं आणि जिथे जिथे प्लास्टिकवर आधीच ताण आहे तिथे, म्हणजे सस्पेन्शनची (आतल्या पट्ट्यांच्या सांगाड्याची) टोकं अडकतात त्या खाचांपाशी, केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. या भेगा रंगाखाली दिसत नाहीत. हेल्मेट छान दिसतं, आणि ज्या दिवशी वरून पाना पडतो त्या दिवशी कवच लवायच्या ऐवजी तडकतं. एचडीपीईचं उलटं, त्याला सॉल्व्हंट सहसा फार काही करत नाही पण त्याच्यावर रंगच धरत नाही, महिन्याभरात पोपडे निघायला लागतात. आणि पोपडे निघाले नाहीत तरी मुख्य अडचण राहतेच, की हेल्मेट रोज बघायचं असतं ते त्याच्या पृष्ठभागासाठीच. उन्हाने पांढुरकं पडलंय का, खडूसारखी भुकटी हाताला लागते का, ओरखडा आहे की तडा आहे, हे सगळं चित्राखाली झाकलं गेलं तर बघणार काय?

हेल्मेटचं काम कसं चालतं हे मुलींना एकदा दाखवाच. युरोपचं ईएन ३९७ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर सोडतात आणि खाली डोक्याच्या साच्यापर्यंत ५ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर पोचता कामा नये, म्हणजे अंदाजे ५०० किलोचा भार. हे शक्य होतं कारण कवच लवतं, आतले पट्टे ताणले जातात आणि डोकं व कवच यांच्यात मोकळी जागा असते. म्हणून त्या जागेत रुमाल, मोबाईल, ओढणीची घडी काहीही ठेवायचं नाही, आणि म्हणूनच सजावटीसाठी कवचाला भोकं पाडून फुलं किंवा एलईडीची माळ ओवायची नाही. त्याच ईएन ३९७ मध्ये अशीही अट आहे की हेल्मेटसोबत सूचना द्यायची: रंग, सॉल्व्हंट, चिकट पदार्थ, स्टिकर लावू नका, कंपनीने जे सांगितलं असेल तेवढंच करा. तेव्हा तुमच्या हेल्मेटच्या कंपनीला एक मेल टाका, काय लावलेलं चालेल ते लेखी मागा. बऱ्याच कंपन्या स्टिकरला हो म्हणतात आणि रंगाला नाही.

इलेक्ट्रिशियनच्या मुलींचा विषय वेगळा काढते कारण तिथे गंमत नाहीच. अमेरिकन वर्गवारीत क्लास ई हेल्मेट २०,००० व्होल्टला आणि क्लास जी २,२०० व्होल्टला तपासतात. सोनेरी-चंदेरी रंगात धातूची पूड असते, ग्लिटरवर बहुतेकदा ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, राखीच्या दुकानातली चमकी-जरी तर बोलायलाच नको. विजेपासून वाचवणाऱ्या टोपीवर आपणच धातू थापायचा, मग ती टोपी घालायची कशाला.

मग कामाच्या हेल्मेटवर मुलीचं स्वतःचं काहीच नको का? हवं ना. चांगल्या व्हिनाइलचं, मागे साधा गोंद असलेलं स्टिकर, कंपनीचा होकार असेल तर, कडेपासून दोनेक सेंटिमीटर आत, एक किंवा दोनच. कडेला लावायचं नाही कारण वरून आत वीज जायला तो पूल होतो. मुलीचं नाव, रक्तगट, ट्रेड आणि तिने स्वतः काढलेलं छोटं चिन्ह, एवढं त्यावर मावतं. कॉम्प्युटर लॅबमध्ये डिझाईन करा, गावातल्या रेडियम कटिंगवाल्याकडून कापून घ्या, तो बाइकच्या नंबरप्लेटी करतो त्याच मशीनवर होतं. मात्र रेडियमवाल्याला साधं व्हिनाइलच द्यायला सांगा, आरशासारखं चकचकीत नको. आणि अख्खं हेल्मेट झाकू नका, रंगाला अर्थ असतो, बऱ्याच साइटवर पांढरं म्हणजे इंजिनिअर, पिवळं म्हणजे कामगार, हिरवं म्हणजे सेफ्टी असं ठरलेलं असतं (प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं), धावपळीत माणूस चेहऱ्याआधी टोपी ओळखतो.

वेल्डिंग स्क्रीन. आतली बाजू काळी आणि मॅट असते ती तशीच राहू दे, आत रंग मारला की मागून येणारा उजेड त्यावर आपटून डोळ्यात जातो. बाहेरून रंगवली तर आर्कची (वेल्डिंगच्या ज्योतीसारख्या विजेच्या झोताची) उष्णता आणि स्पॅटर (उडणारे वितळलेले थेंब) त्या रंगावर पडतो, रंग जळतो आणि त्याचा धूर नाकापासून वीतभर अंतरावर. तुमच्याकडे ऑटो-डार्कनिंग हेल्मेट असतील तर समोरचे ते बारीक काळे ठिपके म्हणजे सेन्सर, आणि वरची पट्टी सोलर, एक ब्रशाचा फटकारा त्यावरून गेला की आर्क पेटल्यावर काच काळी व्हायला उशीर किंवा होणारच नाही. मग तो उजेड डोळ्यात जातो, आणि रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन बटाट्याच्या चकत्या लावून बसायची हौस कुणाला नसते. बाजारात चित्रांची वेल्डिंग हेल्मेट मिळतात ती कारखान्यातच छापून, मग तपासून येतात. अमेरिकेतली जेसी कोम्ब्स, फॅब्रिकेटर आणि रेसर, तिने लिंकन इलेक्ट्रिक कंपनीबरोबर बायकांसाठी वेल्डिंगचं गिअर काढलं होतं, तिच्या नावाचं चित्र असलेलं हेल्मेटही त्यात होतं. २७ ऑगस्ट २०१९ला ओरेगॉनच्या अल्व्हर्ड वाळवंटात जेट कार चालवताना अपघातात ती गेली, आणि त्याच दिवशीचा ताशी ८४१ किलोमीटरचा तिचा वेग गिनेसने नंतर महिलांचा विक्रम म्हणून धरला. मुलींना तिचा फोटो जरूर दाखवा, त्यात ती कारसोबत दिसेल आणि ग्राइंडरसोबतही.

बाकीचं भराभर: लेदर ॲप्रनवर भरतकाम नको, बाजारात मिळणारा बहुतेक चमकदार धागा पॉलिस्टर किंवा रेयॉन असतो, ठिणगीने वितळतो नाहीतर पेटतो. रिफ्लेक्टिव्ह जाकिटाच्या चंदेरी पट्टीवर काही काढायचं नाही. उंचीवर चढायच्या हार्नेसच्या पट्ट्यावर साधा मार्करसुद्धा नको, त्यातलं सॉल्व्हंट धाग्याला लागतं. इलेक्ट्रिशियनचे रबरी ग्लोव्हज सोडूनच द्या.

आता प्रदर्शनाच्या तुकड्यांकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे.

बाद हेल्मेट मिळवा. आसपासच्या एमआयडीसीत कुठल्याही मोठ्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला फोन करा, मुदत संपलेली, ऊन खाल्लेली, मार बसलेली हेल्मेट त्यांच्या स्टोअरच्या कोपऱ्यात पोत्यात भरून ठेवलेली असतात, भंगारात द्यायच्या आधी ती कापायची असतात म्हणजे कुणी उचलून परत घालू नये. त्यांना सांगा की कापू नका, आम्हाला द्या, आम्ही ती निकामी करूनच रंगवतो. निकामी करायचं म्हणजे आतला सगळा पट्ट्यांचा सांगाडा काढून फेकायचा आणि कवचाला मागच्या बाजूने १० मिलिमीटरच्या ड्रिलने दोन भोकं पाडायची. हे काम फिटरच्या मुलींना द्या, व्हाइसमध्ये (बेंचवरच्या पकडीत) नुसतं आवळलं तर कवच चेपतं, आतून लाकडी ठोकळा कसा द्यायचा हे त्या आपसात ठरवतील. हीच भोकं नंतर टांगायला उपयोगी पडतात. हे आधी करा, रंगवून झाल्यावर नाही, नाहीतर सुंदर झालेल्या हेल्मेटला भोक पाडायला कुणाचाच हात धजत नाही आणि ते दोन महिन्यांनी हमखास कुणाच्या तरी डोक्यावर दिसतं.

बाद हेल्मेटचा एक धडा फुकटात मिळतो. दोन्ही हातांनी कवच बाजूंनी इंचभर दाबा आणि सोडा. चांगलं कवच लगेच मूळ आकारात येतं, म्हातारं झालेलं रेंगाळतं किंवा कुरकुरतं. नवीन आणि बाद, दोन्ही मुलींच्या हातात देऊन दाबायला लावा, माझ्या अर्ध्या तासाच्या स्लाइड्सपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

रंगवायचं कसं: आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, ग्रीस राहिलं तर रंग सरकतो. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा. एबीएसवर एवढ्यावर ॲक्रिलिक रंग धरतो. एचडीपीईला मध्ये प्लास्टिकचा प्रायमर लागतोच, गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या गॅरेजवाल्याकडे मागा, त्याला लगेच कळेल. प्रायमरचा पातळ हात, वाळला की ॲक्रिलिकचे दोन पातळ हात, एका जाड हातापेक्षा दोन पातळ कधीही चांगले. वर क्लिअर कोट. स्प्रे वापरायचा असेल तर आता चालेल, हेल्मेट बाद आहे, पण वेल्डिंग शॉपमध्ये नाही. डब्यातून रंग बाहेर ढकलणारा गॅस बहुतेक ब्यूटेन-प्रोपेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरचाच भाऊबंद, आणि शेजारी कुणी वेल्डिंगचा टॅक (छोटा टाका) मारत असेल तर महिला दिन बातम्यांत येईल. उघड्या पटांगणात, वाऱ्याकडे पाठ करून. ग्रीस काढायला कुणी गॅरेजमधला क्लीनर आणला तर डब्यावर क्लोरीनवालं काही आहे का बघा, तसल्या क्लीनरची वाफ आर्कच्या उजेडात सापडली तर फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे.

आणि आता डिझाईन, ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तुम्ही लिहिलंय "गुलाबी रंग, फुलपाखरं आणि नारीशक्ती". करा, मुलींना आवडत असेल तर माझी ना नाही, गुलाबी रंगाने कुणाचं घोडं मारलेलं नाही. पण मुलींनी निवडलंय की आपण ठरवून दिलंय हे एकदा विचारा. मी जितकी प्रदर्शनं बघितली त्यात सगळ्यात फिकी ती होती जिथे बाईचं चित्र होतं, आणि लक्षात राहिली ती जिथे बाईच्या कामाचं चित्र होतं. चेहरा, कुंकू, मोकळे केस, मागे उगवता सूर्य, हे कुठल्याही दिवाळी अंकाच्या कव्हरवर असतं. (मोकळे केस आणि लेथ, हे कॉम्बिनेशन तर भिंतीवरसुद्धा नको.) त्याऐवजी मुलीला विचारा, यावर्षी तुला सगळ्यात अवघड गेलेलं आणि शेवटी जमलेलं काय? ते काढ.

एका वेल्डरच्या मुलीने काढलेलं सांगते. हेल्मेटच्या डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत तिने एकच वेल्डिंगची बीड (जोडावर वितळून बसते ती धातूची ओळ) काढली होती. सुरुवातीला रॉड चिकटलेला, मग गोळे, मग भोक पडलेलं, माथ्यावर जरा सरळ, आणि उजव्या कानाशी येईपर्यंत एकसारख्या, जवळजवळ बसलेल्या अर्धचंद्रांची ओळ. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. बघायला आलेले कंपनीचे एचआरवाले "छान नक्षी आहे" म्हणून पुढे गेले आणि आमचा एक जुना वेल्डर, सहसा कुणाचं कौतुक न करणारा माणूस, तिथे उभा राहून बोट फिरवत "इथे करंट जास्त झाला हिचा, इथे हात थांबला" असं वाचत बसला. चित्र असं पाहिजे.

इलेक्ट्रिशियनच्या मुलींना जिन्याच्या वायरिंगचं सर्किट द्या, दोन टू-वे स्विच आणि एक दिवा, हेल्मेटच्या दोन बाजूंना दोन स्विच आणि माथ्यावर दिवा, गोलाईवर ते सुरेख बसतं. फिटरच्या मुलींना व्हर्नियरची पट्टी काढू दे, ०.०२ मिलिमीटरच्या रेघा गोल पृष्ठभागावर आखायला गेल्या की त्यांना कळेल आपण रोज काय बारीक वाचतो ते. गवंडीकामाचा वर्ग असेल तर ओळंबा, थापी, रंधा.

वारलीचा विचार तुमच्या मनात असणारच, महाराष्ट्रात कुठलीही भिंत दिसली की आपण वारली काढतो. पण इथे त्याला खरं कारण आहे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा मान सवाशिणींचा होता, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, मधोमध पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असताना. म्हणजे मुळात ही बायकांची, हाताने शिकून आलेली कारागिरी. १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. आणि हेल्मेटचा घुमटाकार माथा तारपा नाचासाठीच घडवल्यासारखा आहे, मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती गोल गोल उतरत जाणारी साखळी. फक्त माथ्यावर उंचवट्याची पट्टी नसलेलं गुळगुळीत हेल्मेट निवडा, नाहीतर नाचणाऱ्यांचे पाय पट्टीत अडकतात. त्या साखळीत कुणाच्या हातात वेल्डिंगचा होल्डर, कुणाच्या हातात मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), कुणी शिडीवर, असं केलं तर ते तुमचं होईल. नुसतं नेटवरून उतरवून काढू नका. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली कलाकार बाईंना एक दिवस बोलवा, मानधन द्या, प्रवासखर्च द्या. सुताराला मजुरी देतो तशी चित्रकाराला द्यायची, "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" हे सांगून नाही.

त्या ठिपक्यांच्या रुमालवाल्या, दंड वर केलेल्या अमेरिकन बाईचं "वुई कॅन डू इट" पोस्टर पण कुणीतरी काढणारच, दरवर्षी कुणीतरी काढतं, आमच्याकडे तर नथ घालून काढतात. तिची खरी गोष्ट सांगा मग. जे. हॉवर्ड मिलर नावाच्या चित्रकाराने ते वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी केलं, फेब्रुवारी १९४३मध्ये दोन आठवडे कंपनीच्या कारखान्यांत लागलं आणि उतरवलं गेलं, जगाला ते माहीत झालं १९८०च्या दशकात. आणि त्या कारखान्यांत बायका बनवत काय होत्या, तर सैनिकांच्या लोखंडी हेल्मेटच्या आतलं कवच. डोक्यावरचा तो रुमालही फॅशन नव्हे, मशीनमध्ये केस जाऊ नयेत म्हणून बांधलेला. व्हेरोनिका लेक नावाच्या नटीची एका डोळ्यावर केस सोडायची स्टाइल तेव्हा इतकी चालली होती की कारखान्यातल्या बायकांनी तिचं अनुकरण करू नये म्हणून सरकारच्या सांगण्यावरून तिने केस बदलले. म्हणजे पोस्टरमधला रुमाल हेच सेफ्टी गिअर. आपल्याकडे उलट चालतं, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, फेटा, बुलेट, सगळं आहे आणि हेल्मेट नाही.

नावं हवी असतील तर जवळची घ्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून रेल्वेच्या इंजिनात होत्या, २०२३मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत त्यांनी चालवली, २०२५मध्ये निवृत्त झाल्या. १९५२च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ने जमिनीखालच्या खाणीत बायकांना मनाई होती, २०१९मध्ये ती सैल झाली आणि २०२१मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या पहिल्या भूमिगत मायनिंग इंजिनिअर म्हणून उतरल्या. झारखंडमध्येच स्वच्छ भारतच्या काळात संडास बांधायला गवंडीकाम शिकलेल्या बायकांना राणी मिस्त्री म्हणतात. आणि तुमच्याच तालुक्यात महावितरणची कुणी महिला जनमित्र (लाइनमनचं काम करणारी) खांबावर चढत असेल, तिला उद्घाटनाला बोलवा. आमदार नंतर.

एक तुकडा मात्र माझ्या सांगण्यावरून ठेवा. हेल्मेटांच्या रांगेत मधोमध एक चुंबळ ठेवा. साधी, जुन्या लुगड्याची, कामावरून आणलेली. आपल्या बांधकामांवर बघा, वर परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्याला हेल्मेट असतं आणि खालून घमेलं घेऊन त्याच्याकडे जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ, कारण हेल्मेटवर घमेलं बसत नाही. जिच्या डोक्यावर काहीतरी पडायची शक्यता सगळ्यात जास्त, तिच्याचकडे टोपी नाही. वीस-वीस वर्षं माल कालवून तिला प्रमाण पाठ असतं, ओळंबा लावलेला नजरेने कळतो, तरी हजेरीपटावर ती बिगारीच आणि तिच्यापुढे शिकलेला पोरगा मिस्त्री. सजवायची असेल तर चुंबळ सजवा, तिच्यावर काय भरायचं ते त्या बाईलाच विचारा, आणि तिलाच भरू द्या, गोधडीचा टाका तिला तुमच्या ड्रॉइंगच्या सरांपेक्षा चांगला येतो.

प्रत्येक तुकड्याखाली छोटी पट्टी लावा: मुलीचं नाव, ट्रेड, आणि एक ओळ "हे हेल्मेट बाद आहे, कारण..." कारण खरं लिहा, मुदत संपली, उन्हाने कडक झालं, वरून क्लॅम्प पडला. बघायला आलेले आईवडील चित्र बघता बघता तेही वाचतात, आणि मुलीला असल्या जागी कामाला पाठवायचं का ही त्यांची धास्ती जरा कमी होते, कारण टोपी कशासाठी असते आणि कधी बदलतात हे कुणीतरी सरळ लिहून दाखवलेलं असतं.

तुमचं जे मूळ दुखणं आहे, मुली हेल्मेट घालायला कंटाळतात, ते रंगाने जाईल असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्याला ते बसतंय का बघा आधी. मागे अंबाडा असला की रॅचेटची (मागून घट्ट-सैल करायची) पट्टी त्याच्यावर चढते, हेल्मेट पुढे डोळ्यांवर येतं, मुलगी ते सारखं मागे ढकलते आणि शेवटी बेंचवर ठेवते, सर म्हणतात बेशिस्त. केस मानेपाशी खाली बांधायचे, पट्टीच्या खाली, वेणी असेल तर ती ॲप्रनच्या आत, आणि रॅचेट सगळ्यात आतल्या खाचेवर नेऊनही हलत असेल तर ते हेल्मेटच मोठं आहे, लहान मापाच्या सस्पेन्शनचं मागवा. हनुवटीचा पट्टा सोबत मागवा, तो वेगळा मिळतो. ग्लोव्हजचं तेच, एल साइजमध्ये मुलीचं बोट टोकापर्यंत पोचत नाही, होल्डर नीट धरता येत नाही आणि मग बीड वाकडी आली की "मुलींचं काम" हे ऐकावं लागतं. शूज चार-पाच नंबरचे दुकानात नसतात पण ऑर्डर दिली की येतात. रंग-ब्रशाच्या बजेटातले थोडे इकडे वळवता आले तर वळवा, इंडेंट (खरेदीची मागणी) आत्ताच टाकला तरच मार्चपर्यंत माल येईल.

वेळेचं गणित सांगायचं राहिलं. क्लिअर कोटनंतर हेल्मेट सुटं सुटं, उलट्या ग्लासवर ठेवून दोन-तीन दिवस वाळू द्या, आदल्या रात्री रंगवलेली एकावर एक रचलीत तर सकाळी चिकटलेली मिळतील. टांगायला मासे पकडायची नायलॉनची दोरी घ्या, दोन्ही भोकांतून ओवून, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, छताला नको, म्हणजे आतून तारखेचं ते घड्याळ वाकून बघता येईल. प्रायमर मिळाला नाही किंवा कंपनीने मेलला उत्तर दिलं नाही तर परत विचारा, हेल्मेटच्या आतल्या बाजूचा फोटो टाकलात तर प्लास्टिक कुठलं ते सांगते.